चित्र आलं, पण गेम हरवला

माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला जातो, धूळ पुसली जाते आणि पिवळी-पांढरी पिन हातात धरून भिंतीवरच्या नव्या टीव्हीमागे चाचपडल्यावर लक्षात येतं की तसं भोकच तिथं नाही. मग सोलापूरच्या नवी पेठेतून किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांचा ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर येतो. चित्र दिसतं. कॉन्ट्राचं जंगल तेच, संगीत तेच. पण बटण दाबल्यावर उडी जरा उशिरा बसते, समोरची गोळी चुकवता येत नाही आणि थोड्याच वेळात पोरं मोबाइलकडे वळतात. घरातला बाप म्हणतो, “आमच्या वेळी लई भारी वाटायचा हा गेम, आता काय मजा नाही राहिली.” सोलापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत हे बोलणं कानावर येतं आणि दर वेळी मला ते खटकतं. गेममध्ये एका ठिपक्याचाही फरक पडलेला नाही. बिघाड झालाय तो यंत्र आणि टीव्ही यांच्या मधल्या वाटेवर, आणि तो दुरुस्त करता येतो.

सोलापूरकराला हा बिघाड मागावरून समजावता येईल. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र विणायचा. एक आडवी ओळ टाकायची, मग तिच्याखालची. दूरदर्शनचं चित्र मात्र दोन फेऱ्यांत विणलं जायचं. पहिल्या फेरीत एक सोडून एक ओळी, दुसरीत मधल्या मोकळ्या राहिलेल्या. आपल्याकडच्या पाल पद्धतीत अशा 625 ओळी आणि सेकंदाला 50 फेऱ्या. कॉन्ट्रा ज्याच्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या यंत्राने हा नियम बाजूला ठेवला. त्याने दर फेरीला 240 ओळींचं पूर्ण चित्र पाठवलं आणि प्रत्येक फेरी त्याच ओळींवर पडेल अशी सोय केली. मधल्या ओळी काळ्याच राहायच्या. ट्यूबला त्याने काही बिघडत नसे. येईल ती ओळ ती त्याच क्षणी काचेवर उमटवायची.

आजचा एलईडी टीव्ही आणि तो स्वस्त कन्व्हर्टर ही युक्ती बहुतेकदा ओळखतच नाहीत. लागोपाठची दोन पूर्ण चित्रं म्हणजे एकाच चित्राचे दोन अर्धे भाग, असं धरून ते दोन्ही एकात गुंफतात. याचा परिणाम कॉन्ट्रातच बघा. एक जीव गेला की नवा सैनिक काही क्षण लुकलुकतो आणि तेवढा वेळ त्याला गोळी लागत नाही. लुकलुकणं म्हणजे एका चित्रात असणं, पुढच्या चित्रात नसणं. दोन्ही एकत्र गुंफली की तो सैनिक आडव्या रेघांनी चिरलेला दिसतो. निन्टेन्डोला एका ओळीवर आठच हलत्या आकृती दाखवता यायच्या, म्हणून गर्दी झाली की गेम त्या आळीपाळीने दाखवायचे. तिथंही हाच गोंधळ होतो.

उशीर हा त्याहून मोठा गुन्हा. सेकंदाला 60 चित्रं असतील तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद येतात. कन्व्हर्टर चित्र साठवतो, मोठं करतो, पुढे ढकलतो. मग टीव्ही स्वतःच्या अकलेने त्यातले दाणे काढतो, हालचाल गुळगुळीत करतो, रंग चढवतो. प्रत्येक टप्प्यावर चित्रं रांगेत थांबतात. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे धरता येतो. पण हातातल्या बटणाला मागे धरता येत नाही. मारिओची उडी खड्ड्याच्या काठावरूनच मारावी लागते आणि काही चित्रांचा उशीर त्या काठापलीकडे नेऊन टाकतो. आपली बोटं म्हातारी झाली असं ज्यांना वाटतंय, त्यांनी आधी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा आणि चित्राचा आकार 16:9 वरून 4:3 वर आणावा. याला पैसा लागत नाही आणि जाडा झालेला मारिओही पुन्हा सडपातळ होतो.

उरलेलं काम अपस्केलर नावाच्या यंत्राचं. चांगला अपस्केलर 240 ओळींचं चित्र ओळखतो आणि त्याला पूर्ण चित्र म्हणूनच वागवतो. जपानच्या मायकॉमसॉफ्टचा फ्रेममायस्टर बरीच वर्षं या छंदातला पहिला पर्याय होता. मग फिनलंडच्या मार्कुस हीएनकारी यांनी ओएसएससी बनवला आणि त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले. हे यंत्र पूर्ण चित्र साठवतच नाही. आलेली ओळ दोनदा, तीनदा, पाचदा लिहून लगेच पुढे देतं, म्हणून त्याच्यामुळे होणारा उशीर हाताला जाणवत नाही. अमेरिकेतले माइक ची यांनी रेट्रोटिंक मालिका काढली. त्यातला 5एक्स 2021 मध्ये आला, 4के 2023 मध्ये.

इथं एक साधा हिशोब आहे, तो मला फार आवडतो. 240 ची तिप्पट 720. पण 1080 ओळींच्या टीव्हीत 240 साडेचार वेळा बसतात. अर्धी ओळ कुठून आणायची? मग काही ओळी जाड होतात, काही बारीक, आणि चित्र सरकायला लागलं की थरथरतात. यावर एक तोड म्हणजे पाचपट करून वरखालचा थोडा भाग कापणं. 4के टीव्हीच्या 2160 ओळी मात्र 240 च्या बरोबर नऊपट आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला आजचा बारीक पडदा असा नेमका जुळतो.

पण यातलं कुठलंही यंत्र मागवण्याआधी आपल्या घरात नेमकं काय आहे ते बघा. परदेशातले सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथल्या पोरांकडे अस्सल निन्टेन्डो आणि सेगा होते. आपल्याकडे 1995 मध्ये शॉ वॉलेसने सेगाचं मेगा ड्राइव्ह विकायला आणलं, तेव्हा त्याची किंमत 18,000 रुपये होती. यंत्रमाग कामगाराच्याच काय, शाळामास्तरांच्या घरीही ते येणं शक्य नव्हतं. आपल्या घरांत आले ते निन्टेन्डोच्या नकला करून बनवलेले स्वस्त गेम, एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळांचा दावा करणारे. त्यांना नक्कल म्हणून कमी लेखणं मला मान्य नाही. इथल्या एका पिढीला मारिओ आणि कॉन्ट्रा भेटले ते त्यांच्यामुळेच.

या नकली गेमांना पिवळ्या पिनेहून चांगली चित्राची दुसरी वाट नाही. त्या एका तारेत उजेड आणि रंग एकत्र कालवलेले असतात. निन्टेन्डोच्या चित्र-चिपची रचनाच अशी की चित्र चिपमधून बाहेर पडतं ते कालवलेलंच. एकदा मिसळलेलं कुठलाही अपस्केलर पूर्ण वेगळं करू शकत नाही. मूळ ओएसएससीला तर पिवळ्या पिनेची जागाच नाही, त्यामुळे अशा गेमसाठी तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणखी एक गोष्ट. पाल टीव्हीसाठी बनलेले हे गेम सेकंदाला 50 चित्रं दाखवायचे, मूळ जपानी-अमेरिकी गेम 60. म्हणजे त्यांच्यावर मारिओ एकषष्ठांशाने संथ पळायचा. मोबाइलवर जुने गेम चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये तोच मारिओ घाईत असल्यासारखा वाटतो, त्यामागे हे कारण आहे. अनेक स्वस्त कन्व्हर्टर आलेली 50 चित्रं 60 मध्ये कोंबतात, मग दर पाच चित्रांमागे एक दोनदा दिसतं आणि चाल अडखळते. तेव्हा अपस्केलर घ्यायचाच असेल तर दोनच गोष्टी विचारा. पिवळी पिन घेतो का आणि 50 ला 50 च ठेवतो का? रेट्रोटिंक 4के बाजारात आला तेव्हा 750 डॉलरला होता. नकली गेमसाठी तेवढे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लेस्टेशन 2 ची गोष्ट वेगळी. ज्यांच्या घरी तो आहे, त्यांनी खर्चाचा विचार जरूर करावा, कारण आपल्या देशात बनलेले पहिले कन्सोल गेम त्या काळच्या यंत्रांत अडकून पडलेत. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ 2009 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला. कबड्डी आणि पतंगबाजी खेळवणारा ‘देसी अड्डा’ही त्याच काळातला, आणि गल्ली क्रिकेटचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ 2010 चा. मेगा ड्राइव्हवरचा सॉनिक आज नव्या यंत्रांवर विकत मिळतो. आपल्या या गेमांची तशी काळजी कुणी घेतलेली नाही. डिस्क खराब झाल्या आणि यंत्रं भंगारात गेली की ते खेळणं कठीण होईल.

प्लेस्टेशन 2 मध्ये पाच पिनांच्या कंपोनंट केबलची सोय आहे. तिच्यात रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून येतात. अपस्केलरच्या आधी ही केबल घ्या, फरक लगेच दिसेल. पण या यंत्राचे बहुतेक गेम खरोखरच दोन फेऱ्यांत विणलेलं चित्र पाठवतात, म्हणून इथं ते गुंफणं गरजेचं असतं, फक्त ते अकलेने व्हावं लागतं. ओएसएससी ते करत नाही, त्याच्यावर चित्र बारीक हलत राहतं. रेट्रोटिंक 5एक्स हलतो तो भाग आणि स्थिर राहतो तो भाग वेगळे ओळखून गुंफतो. प्लेस्टेशन 2 साठी मी त्याच्याच बाजूने आहे.

आता चित्राच्या स्वच्छतेबद्दल. अपस्केलरच्या जाहिरातीत प्रत्येक ठिपका काचेच्या तुकड्यासारखा धारदार दाखवतात आणि ग्राहक भुलतो. ते गेम काढणाऱ्यांनी असं चित्र मनात धरलेलंच नव्हतं. सॉनिकच्या पहिल्या पातळीतला धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढलाय. पिवळ्या तारेतून ट्यूबवर त्या पट्ट्या एकमेकींत विरघळायच्या आणि पाण्याआडचा डोंगर दिसायचा. धारदार चित्रात नुसत्या पट्ट्या राहतात. म्हणून चांगल्या अपस्केलरमध्ये ओळींमधला काळोख आणि ट्यूबची मऊ झळाळी परत आणायच्या सोयी असतात. त्या बंद ठेवून चित्र किती स्वच्छ आलं याची वाहवा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. अपस्केलरची परीक्षा वेळेवर आणि आकारावर व्हावी, धारेवर नाही.

एका ठिकाणी मात्र महागातला महाग अपस्केलरही हात टेकतो. बदकं मारायची बंदूक आठवतेय? तिचा घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड ठरलेल्या क्षणी शोधायचा. नव्या टीव्हीवर उजेड उशिरा येतो आणि ट्यूबसारखा ओळीओळीने लखलखत येत नाही, म्हणून बंदूक आंधळी होते. बदकांचा तो डक हंट मूळ बंदुकीने खेळायचा तर ट्यूबचाच टीव्ही लागतो.

आणि तो आता नव्याने बनत नाही. संभाजीनगरजवळच्या चितेगावात ज्यांचे टीव्ही बनायचे, त्या व्हिडिओकॉनवर 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तोपर्यंत पिक्चर ट्यूबचा काळ संपलाच होता. तरी सोलापुरात अजून काही मेकॅनिक आहेत, ज्यांना फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर बदलता येतो आणि वाकडं झालेलं चित्र सरळ करता येतं. त्यांच्या हातातली ही विद्या शिकायला दुकानात आज कुणी पोरगं बसलेलं दिसत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत चालू ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. घरात जागा नसेल तर गेम सांभाळणाऱ्या एखाद्या पोराला द्या. अगदीच निकामी असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, कारण त्या काचेत शिसं असतं. आणि चालू ठेवणार असाल तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या.