एका खोट्या शब्दाविरुद्ध

हिंगणघाटचें नांव एके काळीं कापसासाठीं घेतलें जाई. वणेच्या कांठच्या या गांवच्या कापसाची कीर्ति एकोणिसाव्या शतकांत विलायतेच्या पेठांपर्यंत पोंचली होती. सांप्रत मात्र तें नांव निघतांच मराठी वाचकाच्या मनापुढें निराळेंच चित्र उभें राहतें. ३ फेब्रुवारी २०२० रोजीं सकाळीं तेथील नंदोरी चौकांत, महाविद्यालयांत शिकवावयास निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेच्या अंगावर एका विवाहित इसमानें पेट्रोल ओतून तिला पेटविलें. १० फेब्रुवारीस नागपूरच्या रुग्णालयांत तिचा अंत झाला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनीं, १० फेब्रुवारी २०२२ रोजीं, हिंगणघाटच्या न्यायालयानें त्या इसमास जन्मठेपेची शिक्षा दिली. न्यायालयानें आपलें काम केलें. भाषेनें मात्र आपलें काम केलें नाहीं, ही आमची तक्रार आहे. आणि भाषा म्हणजे दुसरें कोणी नव्हे, आपणच.

त्या दिवसांचीं वृत्तपत्रें काढून पाहावीं. ‘एकतर्फी प्रेमांतून’ हे शब्द जागोजाग आढळतील. ज्यांस तेवढ्यानें समाधान झालें नाहीं, त्यांनीं ‘माथेफिरू’ हा शब्द योजिला. आमच्या मतें हे दोन्ही शब्द खोटे आहेत. पहिल्यानें गुन्ह्यास प्रेमाचें वस्त्र नेसविलें. दुसऱ्यानें गुन्हेगाराच्या हातून झालेल्या कृत्याची जबाबदारी त्याच्या बिघडलेल्या मस्तकावर ढकलली. पेट्रोल जवळ बाळगून, वेळ व वाट हेरून जो येतो, त्याचें मस्तक फिरलेलें नसतें. तें नको तितकें ठिकाणावर असतें. शिवाय खरोखर मनोरुग्ण असलेली व त्यामुळें कोणास कधीं इजा न केलेली माणसें थोडीं नाहींत. त्यांचा तरी हा अपमान कां?

मराठी भाषा या बाबतींत दरिद्री असती, तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु मनास एखादी गोष्ट चिकटून बसण्याच्या जितक्या तऱ्हा, तितके शब्द आपल्यापाशीं आहेत. छंद फुरसतीचा असतो. तो माणसाचें आयुष्य खात नाहीं. नाद माणसास ओढून नेतो, म्हणून तर आपण ‘नादीं लागला’ असें म्हणतों. खूळ डोक्यांत शिरतें तसें निघूनही जातें. व्यसन या शब्दाचा संस्कृतांत संकट असाही अर्थ आहे, आणि तो अर्थ व्यसनी माणसाच्या घरच्यांस कोशावांचूनही कळतो. वेडांत विचार सुटतो, पण त्यांत गोडवाही असूं शकतो. वारकऱ्यास पंढरीचें वेड असतें आणि त्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं. ध्यास याहून उंच. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ या मालेचा पहिला खंड काढणारे इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांमागें गांवोगांव हिंडले, तो ध्यास. ध्यासांत माणूस स्वतःला झिजवितो, दुसऱ्याला जाळीत नाहीं.

आतां दुसरी रांग पाहा. हव्यास म्हणजे हवेंच असण्याची वृत्ति. ज्या वस्तूचा हव्यास, तिला कोणी विचारीत नाहीं. हेका म्हणजे नकार ऐकूनही न ऐकणें. ससेमिरा म्हणजे पाठ न सोडणें. सूड म्हणजे मिळालें नाहीं त्याचा नाश करणें. हव्यास, हेका, ससेमिरा, सूड: हिंगणघाटीं जें घडलें त्याचें हेंच नांव आणि हाच क्रम. या चारांत प्रेमाचें एक अक्षर तरी कोठें आहे? प्रेमास दुसऱ्याच्या ‘नाहीं’चा मान राखतां येतो. ज्यास तो राखतां येत नाहीं, त्यास एकतर्फी प्रेम म्हणणें म्हणजे दरोड्यास एकतर्फी व्यवहार म्हणण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, शब्द बदलल्यानें हत्या थांबतात काय? शब्दानें हात थांबत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हत्येच्या आधींचे कित्येक महिने घराघरांत शब्दच काम करीत असतात. मुलगा एखाद्या मुलीच्या वाटेवर रोज उभा राहतो. आईबाप हंसून म्हणतात, ‘वेडा आहे, प्रेमांत पडलाय.’ मुलगी घरीं सांगते, तेव्हां तिला रस्ता बदलावयास सांगतात. पुष्कळदां तिचें शिक्षणच बंद होतें. त्याच वेळीं कोणी ‘हा ससेमिरा आहे, हा गुन्हा आहे’ असें म्हटलें असतें, तर पुढचें पाऊल निराळें पडलें असतें. कायद्यास हें उमगलें आहे. २०१३ सालीं स्त्रीचा पाठलाग करणें हा दंडसंहितेंत स्वतंत्र गुन्हा झाला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो ७८ व्या कलमांत कायम आहे. पहिल्याच अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. कायदा ज्यास गुन्हा म्हणतो, त्यास आमची बैठकीची खोली अजून प्रेम म्हणते. आणि म्हणून तक्रार चौकीपर्यंत उशिरा पोंचते, किंवा पोंचतच नाहीं.

यांत नाटक-सिनेमांचा वांटाही लहान नाहीं. नायिकेनें झिडकारावें, नायकानें पिच्छा पुरवावा, आणि अखेर तिनेंच लाजून होकार द्यावा, हा प्रकार आपण सहकुटुंब टाळ्या वाजवून पाहिला आहे. ‘चिकाटी’ हा कष्टाळू माणसाचा शब्द आपण तेथें खुशाल उधळला.

म्हणून आमच्या वृत्तपत्रकार बंधूंस आमचें सांगणें आहे कीं, ‘एकतर्फी प्रेम’ हा जोडशब्द त्यांनीं गुन्ह्याच्या बातमींतून कायमचा काढून टाकावा. आईबापांस सांगणें याहून थोडें: मुलाच्या वागण्यास नांव देतांना लाज राखूं नका. आखूड धाग्याचा कापूस लांब धाग्याचा म्हणून विकणाऱ्यास हिंगणघाटच्या बाजारांत कोणी क्षणभर उभें करणार नाहीं. कापसाची प्रत आपण इतक्या काळजीनें पारखतों. एका मुलीच्या जिवाशीं गांठ असलेला शब्द तरी न पारखतां वापरूं नये.