अल्ब्युमिनच्या पाठीवरून औषध

यकृताच्या तपासणीचा अहवाल हातात आला की सगळ्यांची नजर बिलिरुबिनच्या आकड्याकडे जाते. खाली असलेल्या ‘अल्ब्युमिन’ या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही. रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक हेच प्रथिन असते आणि यकृत ते रोज दहा-पंधरा ग्रॅम तयार करते. पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणे हे त्याचे एक काम. पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थ पाठीवर घेऊन शरीरभर फिरणे हे दुसरे. कर्करोगावरील औषधांच्या संशोधकांनी या दुसऱ्या कामाचा चांगलाच उपयोग करून घेतला.

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरचे जुने औषध. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून द्यावे लागे. अनेकांना त्या द्रावकाचीच ॲलर्जी येई. त्यामुळे आधी स्टिरॉइड आणि मग तीन तास सलाईन. तेच औषध मानवी अल्ब्युमिनमध्ये बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले, तेव्हा द्रावकाची गरज उरली नाही आणि काम अर्ध्या तासावर आले. केसाच्या जाडीत असे शेकडो कण एका रांगेत बसतील. ‘ॲब्रॅक्सेन’ नावाच्या या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत जुन्या औषधाने १९ टक्के रुग्णांना गुण आला होता, नव्याने ३३ टक्के. मात्र नव्या औषधाचा डोसही जास्त होता आणि हातापायांना मुंग्या येण्याचा तीव्र त्रासही त्यात अधिक दिसला. यशाच्या बातम्यांतून हा भाग बहुधा गळतो.

‘नेमके गाठीवर जाणारे औषध’ हे वर्णनही जरा जपूनच घ्यावे. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. शरीरात सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण निघाले ०.७ टक्के. हजारातले सात. उरलेल्यांतील बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून धरतात.

नंदुरबारच्या रुग्णाला असे उपचार घ्यायचे तर सुरत किंवा मुंबई गाठावी लागते. पण या जिल्ह्यात अल्ब्युमिनचा प्रश्न कर्करोगाच्या वॉर्डापुरता नाही. रोजच्या वापरातली कित्येक साधी औषधेसुद्धा रक्तात याच प्रथिनाला चिकटून फिरतात. ते प्रथिनच कमी असेल तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नंदुरबारमधील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. कुपोषणाने पायांवर सूज आलेल्या मुलांच्या रक्तात अल्ब्युमिन घटलेले असते. ते केवळ उपासमारीने घटते असे नाही. वारंवारचे जंतुसंसर्ग, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे आजारही ते खाली आणतात. म्हणून कुपोषण मोजायला वजनकाटा आणि दंडाची पट्टीच योग्य. औषधाचा डोस ठरवताना मात्र अल्ब्युमिनचा आकडा हाताशी हवा.

फिट्सवर दिले जाणारे फेनिटॉइन घ्या. त्यातला सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. काम करतो तो उरलेला मोकळा भाग. अल्ब्युमिन कमी असले की मोकळ्या भागाचे प्रमाण वाढते. नेहमीची तपासणी चिकटलेले आणि मोकळे असे एकूण औषध मोजते, आणि तो आकडा कमी दिसतो. मग डोस वाढवला जातो. रुग्णाला चक्कर येते, झापड येते, चालताना तोल जातो. बाजारच्या दिवशी असा माणूस रस्त्यात दिसला तर लोक त्याला दारू प्यायलेला समजून मोकळे होतात.

अंगणवाडीतल्या अमृत आहाराच्या अंड्याचे मोल इथेही आहे. अंड्याचे अल्ब्युमिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. पचनात त्याची अमिनो आम्ले होतात आणि त्यातून यकृत स्वतःचे प्रथिन बांधते. पण आजारी यकृताला किंवा सतत तापणाऱ्या शरीराला नुसते अंडे पुरत नाही, तिथे मूळ आजारावरच उपचार हवेत.

अल्ब्युमिनची चाचणी महाग नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फेनिटॉइनसारख्या औषधाची रक्तातील पातळी पाहताना अल्ब्युमिनही पाहावे आणि त्याशिवाय डोस वाढवू नये, एवढी लेखी सूचना तिथून धडगाव, अक्कलकुव्याच्या रुग्णालयांपर्यंत जाण्यास कोणत्याही नव्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.