गच्चीवरची २० मीटर तार आणि सोसायटीचं एका ओळीचं ‘नाही’

माझी मावशी चिपळूणला राहते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही बंद पडले. पुण्यात आम्ही दीड दिवस तिचा नंबर लावत होतो. मावशी सुखरूप होती, शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर बसून होती. पण एवढं एक वाक्य आईपर्यंत पोहोचायला दीड दिवस लागला.

त्यानंतर मी हॅम रेडिओचा परवाना काढला. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा इंजिनिअर असल्यामुळे परीक्षेचा अभ्यास जड गेला नाही. जड गेलं ते पुढचं काम: सोसायटीच्या गच्चीवर एक तार बांधायची परवानगी मिळवणं. अर्जावर एका ओळीचं उत्तर आलं, ‘टेरेस ही सामायिक मालमत्ता असल्याने परवानगी देता येत नाही.’ त्याच गच्चीवर टीव्हीच्या १४ डिश आहेत.

कमिटीच्या सगळ्या शंका चुकीच्या होत्या, असं मी म्हणणार नाही. काही अगदी रास्त होत्या. पण शंकेचं उत्तर अट असू शकतं, सरसकट ‘नाही’ नव्हे. का, ते समजून घेऊ.

हॅम रेडिओ म्हणजे नेमकं काय?

हौस म्हणून, पैसे न कमावता, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर रेडिओने संपर्क साधणारे परवानाधारक म्हणजे हॅम. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. वय किमान १२ वर्षं हवं आणि परीक्षा द्यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर स्वतःचं कॉल साइन मिळतं. भारतात ते साधारणपणे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होतं. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते.

म्हणजे गच्चीवर तार बांधायला निघालेला माणूस चोरून काही करत नसतो. त्याचं नाव, पत्ता आणि वापरायची फ्रिक्वेन्सी सरकारदरबारी नोंदलेली असते.

मोबाइलची अँटेना दिसतही नाही, मग हिला २० मीटर कशाला?

याचं उत्तर शाळेतल्या एका सूत्रात आहे. ३००ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तुमचा फोन २,००० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत असेल, तर लहर होते १५ सेंटीमीटरची. तिच्यासाठी लागणारी अँटेना फोनच्या कडेला लपून जाते.

हॅमचा एक लोकप्रिय बँड आहे ७ मेगाहर्ट्झचा. तिथे लहर ४० मीटरहून थोडी लांब असते, म्हणून त्याला ४० मीटर बँडच म्हणतात. सर्वात साधी अँटेना म्हणजे डायपोल. लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची तार घ्यायची, मधोमध तोडायची आणि तिथे केबल जोडायची. हिशेबाला सोपं सूत्र आहे: १४३ भागिले फ्रिक्वेन्सी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं २०.१४ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. तेवढी तार बाल्कनीत मावत नाही, म्हणून गच्ची हवी.

हातात धरायचा वॉकी-टॉकी का चालत नाही?

पुणे ते चिपळूण सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. वॉकी-टॉकीच्या १४५ मेगाहर्ट्झसारख्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. डोंगर आला की अडतात, वाटेत उंचावर रिपीटर असेल तरच पलीकडे पोहोचतात.

७ मेगाहर्ट्झची लहर वेगळी वागते. ती वर जाते, आयनोस्फिअरवरून परत फिरते आणि खाली उतरते. अँटेना फार उंच नसेल तर बरीचशी ऊर्जा जवळपास सरळ वर जाते आणि छत्रीसारखी दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पडते. मधला डोंगर मग आडवा येत नाही. दिवसा यासाठी ४० मीटर बँड बरा आणि रात्री ८० मीटरचा. अमेरिका किंवा जपान गाठायला अँटेना उंच हवी, पण पुण्याहून चिपळूण, सांगली किंवा लातूर गाठायला चार मजली इमारतीच्या गच्चीवरची साधी तार पुरते. शिवाय मध्ये टॉवर, फायबर, एक्स्चेंज काहीच लागत नाही. दोन्ही टोकांना रेडिओ, १२ व्होल्टची बॅटरी आणि तार असली की झालं.

घरी ही तार बांधायची कशी?

सामान साधंच आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी १.५ स्क्वेअर एमएमची वायर, नायलॉनची दोरी, टोकांना इन्सुलेटर, पीव्हीसी पाइप आणि कोअॅक्स केबल.

मधला भाग पाण्याच्या टाकीवर पाइप उभा करून बांधायचा आणि दोन्ही टोकं उतरती करून कठड्यांच्या दिशेने न्यायची. उलट्या ‘व्ही’सारखा हा आकार एकाच उंच आधारावर भागतो, म्हणून आपल्याकडच्या गच्च्यांना सोयीचा. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांना बराच व्होल्टेज असतो. त्यामुळे टोकं कुणाच्या, विशेषतः मुलांच्या, हाताला लागणार नाहीत इतकी वर ठेवायची.

तार हिशेबापेक्षा थोडी लांबच घ्यावी. कापणं सोपं, जोडणं कटकटीचं. मग मीटर लावून एसडब्ल्यूआर पाहायचा. पाठवलेली किती ऊर्जा अँटेनाकडून परत येते, याचा अंदाज या आकड्यावरून येतो. १ आला तर उत्तम. २ असेल तर सुमारे ११ टक्के ऊर्जा परत येते, ते चालतं. ३ असेल तर २५ टक्के, म्हणजे काहीतरी दुरुस्त करायला हवं.

समजा, सर्वात कमी आकडा ६.९ मेगाहर्ट्झवर मिळाला. याचा अर्थ तार लांब आहे. ७.१वर आणण्यासाठी एकूण सुमारे ५८ सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी २९-२९ सेंटीमीटर कमी करायची. पण एका फटक्यात नाही. थोडी दुमडायची, मोजायचं, मगच कापायची.

केबलकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. बारीक केबल ७ मेगाहर्ट्झला चालून जाते. तीच २५ मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झला वापरली तर अर्ध्याहून जास्त ताकद केबलमध्येच संपते. आणि आपल्याकडे पावसाळा आहे. जोडावर नीट टेप गुंडाळली नाही की पाणी केबलच्या जाळीत उतरतं आणि ऑगस्टपर्यंत सगळं बिघडतं. कोकणात खारी हवा तांबंही खाते.

कमिटीच्या शंका किती खऱ्या?

‘रेडिएशन होईल’: रेडिओ लहरी एक्स-रेसारख्या आयनीकरण करणाऱ्या नसतात. घरगुती हॅम स्टेशन दिवसातून काही वेळ चालतं आणि त्यातही निम्मा वेळ ऐकण्यात जातो. तरी जास्त ताकदीवर बोलत असताना कुणी अँटेनाला चिकटून उभं राहू नये, हे खरंच आहे. म्हणून अट घाला: तार उंचावर हवी आणि ताकद मर्यादित हवी.

‘टीव्हीत खरखर येईल’: येऊ शकते. केबलवर फेराइटचे मणी लावून किंवा ताकद कमी करून बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. उलट बाजूही आहे. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांची घरघर हॅमच्या रेडिओत इतकी येते की दूरचा आवाज बुडून जातो.

‘वीज पडेल’: तार काही वीज ओढून आणत नाही. पण इमारतीवर किंवा जवळ वीज पडली, तर केबल तिला घरात यायला वाट देते. म्हणून बाहेरच अर्थिंग हवं आणि ढग जमायला लागले की केबल रेडिओपासून काढून ठेवायला हवी. थेट पडलेल्या विजेपुढे कुठलंच उपकरण हमखास टिकत नाही. त्यामुळे वादळात स्टेशन बंद, याला पर्याय नाही.

‘गच्ची गळेल’: ही शंका मला सर्वात रास्त वाटते. वॉटरप्रूफिंगला भोक पाडायला कुणालाही परवानगी देऊ नये. उपाय सोपा आहे. स्लॅबला ड्रिल न करता टाकीच्या रेलिंगला किंवा वजन ठेवलेल्या स्टँडला तार बांधता येते.

एक धोका मात्र अर्जाच्या चर्चेत कुणी काढलाच नाही: विजेच्या तारा. अँटेना किंवा तिचा खांब कुठल्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, अशीच जागा निवडावी. ही अट सर्वात वर हवी. विमानतळाजवळ राहत असाल तर उंचीचे नियमही पाळावेच लागतात.

संकट आल्यावर बांधली तर नाही चालणार?

हा प्रश्न मला आमच्या सेक्रेटरींनी विचारला आणि तो चांगला होता. तार अर्ध्या तासात बांधता येते, हे खरं आहे. पण कोणत्या वेळी कोणता बँड उघडतो, गोंगाटातून नाव आणि पत्ता अचूक कसा टिपायचा, दहा जण एकदम बोलू लागले तर शिस्त कशी लावायची, हे अर्ध्या तासात येत नाही. रोज संध्याकाळी रेडिओवर बसूनच ते येतं. आणि रोज बसायचं तर अँटेना घरी हवी.

डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॅमचं एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. मदतकार्यासाठी नाही, छंदासाठी. जगभरच्या हॅमना दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क मिळावा म्हणून. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्क यंत्रणा कोलमडली आणि याच पथकाने मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा सुरू केली. छंदाची तयारी होती, म्हणून ती कामाला आली. आपल्याकडे १९९३च्या किल्लारी भूकंपातही हॅम मदतीला होते.

मी मावशीच्या बाबतीत स्वतःला फसवत नाही. २०२१मध्ये माझ्याकडे अँटेना असती तरी उपयोग झाला नसता, कारण चिपळूणच्या टोकाला माझ्या ओळखीचं कुणी रेडिओवर नव्हतं. एका घरावरची तार म्हणजे छंद. गावोगावी अशा तारा असल्या तरच त्याचं जाळं होतं. म्हणून हा फक्त माझ्या अर्जाचा प्रश्न नाही.

मग सोसायट्यांनी काय करावं?

अमेरिकेत तिथल्या संचार आयोगाने १९८५मध्येच स्थानिक प्रशासनांना सांगितलं की हॅमच्या अँटेनांना वाजवी सवलत द्या. मात्र खासगी गृहसंघटनांना तो आदेश लागू नाही. तिथेही शेवटचा वाद शेजाऱ्यांशीच होतो. त्यामुळे आपणही कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण सभेत एका पानाचा ठराव पुरेसा आहे:

- परवान्याची प्रत आणि तारेचा साधा आराखडा अर्जासोबत द्यावा.
- ड्रिलिंग नाही. केबल डक्टमधूनच खाली आणावी.
- विजेच्या तारांपासून सुरक्षित अंतर ठेवावं, अर्थिंग करावं, वादळात स्टेशन बंद ठेवावं.
- सुरुवातीला सहा महिन्यांची परवानगी. तक्रार आल्यास शेजाऱ्यांसमोर चाचणी करून दाखवावी.
- घर सोडताना सगळं स्वखर्चाने काढून न्यावं.
- पूर, भूकंप किंवा नेटवर्क बंद असताना इमारतीतल्या रहिवाशांचे निरोप पाठवण्याची जबाबदारी हॅमने घ्यावी.

शेवटची अट मला सर्वात महत्त्वाची वाटते. सामायिक गच्ची वापरायची तर सर्वांना काहीतरी परत द्यायला हवं, ही अपेक्षा अजिबात चुकीची नाही.

सध्या मी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून पाच मीटरची तार पीव्हीसी पाइपला बांधून बाहेर काढतो आणि रात्री आत घेतो. ती १४ मेगाहर्ट्झसाठी आहे. हवा चांगली असली तर परदेशातले आवाज येतात, चिपळूणच्या कामाची मात्र ती नाही. तिकडे मावसभाऊ परीक्षेचा अभ्यास करतोय आणि त्याच्या घराला स्वतःची गच्ची आहे. आमची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे. वरचं एक पान मी अर्जाला जोडलं आहे.