मोडीत निघालेल्यांचे वाचन

एखादी वस्तू, विचार किंवा माणूस निरुपयोगी ठरवायचा झाला की मराठीत आपण त्याला 'मोडीत काढतो'. जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून नवी घेण्याच्या व्यवहारातून हा वाक्प्रचार आला. त्या व्यवहाराचे मर्म असे, की मोडीत भांड्याची किंमत होत नाही, धातूची होते. आजीचा घंगाळ्यासारखा नक्षीदार हंडा असो की चेपलेला तांब्या, तराजूवर दोघांची जात एकच. वस्तूचे नाव पुसले जाऊन तिचे वजन तेवढे उरणे, या क्षणाला आम्ही भंगार म्हणतो. हा क्षण लांबवू पाहणाऱ्या एका विक्षिप्त जमातीविषयी प्रस्तुत टिपण आहे. जुन्या जपानी मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी भंगारखाने धुंडाळणारी ही माणसे अमेरिकेत आहेत, जपानमध्ये आहेत, ऑस्ट्रेलियातही आहेत. साहित्याच्या व्यासपीठावर गंजक्या मोटारींचे काय काम, असे आमचे काही समीक्षकमित्र विचारतील. त्यांनी शेवटपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

आरंभ साहित्यापासूनच करता येतो. जपानी भाषेत खिळखिळ्या, निकामी मोटारीला 'पोन्कोत्सु' म्हणतात; आता तो शब्द बावळट माणसालाही लावला जातो. हा शब्द घरोघरी पोचवला तो एका कादंबरीने. हिरोयुकी आगावा यांची 'पोन्कोत्सु' ही कादंबरी १९५९ साली वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची पार्श्वभूमी म्हणजे तोक्योच्या सुमिदा भागातील मोटारी मोडणाऱ्यांची वस्ती. हातोड्याचे घाव पत्र्यावर पडताना होणाऱ्या आवाजावरून हा शब्द आला असे मानले जाते. जपानचा मोटारउद्योग जगाच्या बाजारात जेमतेम पाऊल टाकत होता, त्याच वेळी तिथला एक कादंबरीकार मोटारीच्या अंताकडे पाहत होता, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

जपानमध्ये मोटार लवकर म्हातारी होते. निदान तिला म्हातारी ठरवले जाते. नव्या गाडीची सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. ती खर्चिक असते. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांपलीकडे गेली की तिच्यावरचा करही वाढतो. त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा मालकाला परवडेनाशी होते आणि ती एक तर परदेशी जाते, नाही तर मोडीत. २००२ साली झालेल्या आणि जानेवारी २००५ पासून अमलात आलेल्या पुनर्वापर कायद्याने तर विल्हेवाटीचा खर्च मालकाकडून आगाऊच घेण्याची सोय केली. एअरबॅग, वातानुकूलनातील वायू आणि चुरा करून उरणारा कचरा या तिन्हींचा त्यात विचार आहे. कायदा म्हणून हे सारे स्तुत्य आहे. परंतु शिस्तशीर विल्हेवाट लावणाऱ्या समाजात जुन्या वस्तूला विसरून पडून राहण्याचीही सवड मिळत नाही. म्हणूनच की काय, शेताच्या कडेला वेलींनी गिळलेली एखादी सत्तरीतली गाडी दिसली की तिथले शौकीन तिला 'कुसाहिरो' म्हणतात. 'झुडपांतला नायक' या अर्थाच्या शब्दांचे हे लघुरूप. उपहास आणि आदर यांचे इतके नेमके मिश्रण असलेला शब्द आम्हांला मराठीत अद्याप सापडलेला नाही.

शोधाची खरी भूमी मात्र अमेरिकेचा पश्चिम किनारा. १९७० पासून तिथे डॅटसन २४०झेड ही गाडी विकली जाऊ लागली आणि पाहता पाहता सर्वसामान्यांच्या आवाक्यातली वेगवान गाडी म्हणून रुजली. दमट आणि बर्फाळ प्रांतांत, जिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे तिचा पत्रा फार लवकर गंजला. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकला. पण उन्हाने डॅशबोर्डांना तडे गेले. म्हणजे एका भंगारखान्यात सांगाडा मिळतो तर डॅशबोर्ड नाही, दुसरीकडे उलट. शोधकाला हा भूगोल पाठ असतो. आपला पाना आपणच घेऊन जायचा, हवा तो भाग आपणच सोडवायचा आणि बाहेर पडताना त्याचे पैसे मोजायचे, अशी तिथल्या अनेक भंगारखान्यांची रीत आहे.

या गाडीचे मूळ जपानी नाव 'फेअरलेडी झेड'. 'माय फेअर लेडी' ही संगीतिका निसान कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांना भावली आणि त्यांनी आपल्या छोटेखानी स्पोर्ट्स मोटारीला तिचे नाव दिले, अशी कथा आहे. ती संगीतिका ज्या नाटकावरून झाली त्या शॉच्या 'पिग्मॅलियन'वरूनच पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ साली मराठी रंगभूमीवर आली, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. अमेरिकेत निसानचा कारभार पाहणाऱ्या युताका काटायामा यांना ते नाव त्या देशात चालणार नाही असे वाटले. त्यांनी नावाच्या पट्ट्या काढून '२४०झेड' अशी अक्षरे बसवायला लावली, असे सांगतात. तेव्हा वाळवंटाच्या कडेला काचा फुटलेल्या अवस्थेत उभी असलेली ती गाडी आमच्या फुलराणीची दूरची नातलग ठरते, आणि तीही नाव बदलून सासरी आलेली.

आता या शोधकाच्या विद्येकडे वळू. गाडीवर नावाची पट्टी नसली, रंग उडालेला असला, तरी ती कोणत्या काळातली हे तो सांगू शकतो. २४०झेडच्या सुरुवातीच्या गाड्यांत हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या मागच्या दारावर होत्या. १९७१ मध्ये त्या बाजूच्या खांबांवर गेल्या. १९७३ च्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांसाठी चपट्या माथ्याचे कार्ब्युरेटर लावले गेले. ते मालकांना मानवले नाहीत. त्यांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल माथ्याचे कार्ब्युरेटर बसवले. त्यामुळे १९७३ च्या गाडीवर गोल माथा दिसला तर तो नंतरचा हात आहे, हे ओळखता आले पाहिजे. १९७९ नंतरच्या २८०झेडएक्सचा पाच गतींचा गिअरबॉक्स या जुन्या गाडीला चालतो, हेही ठाऊक हवे. कोणता भाग कोणत्या गाडीला चालेल याचे कोश अमेरिकेत १९३० च्या दशकापासून छापले जात आहेत. परंतु कोशात नसलेले ज्ञानच अधिक, आणि ते तोंडी चालत आलेले.

हे वाचताना पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काही वाटले नाही तरच नवल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. वि. स. सुखटणकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक होते. १२५९ हस्तलिखिते धुंडाळून ते काम १९६६ साली पूर्ण झाले. तिथेही प्रश्न हेच होते. कोणता भाग मूळचा, कोणता मागाहून जोडलेला. कोणत्या प्रांतातली प्रत कशामुळे शाबूत राहिली आणि कशामुळे बिघडली. एका परंपरेतला पाठ दुसरीत कसा शिरला. प्रक्षिप्त ओळखण्यासाठी जी नजर लागते तीच चपटा आणि गोल माथा ओळखताना लागते. ही तुलना थिल्लर वाटण्याचा धोका आम्हांस दिसतो. तरीही एखादी विद्या प्रतिष्ठित विषयाला जडली म्हणून थोर आणि गंजक्या पत्र्याला जडली म्हणून क्षुद्र, असे आम्ही मानत नाही.

तुलना जिथे मोडते तिथेच मात्र ती अधिक शिकवते. हस्तलिखित वाचल्याने ते संपत नाही. दहा संपादकांनी त्यातून पाठ घेतला तरी पोथी जागच्या जागी राहते. मोटारीचे तसे नाही. एका गाडीचा कार्ब्युरेटर दुसरीला लावला की पहिली तेवढ्याने मरते. जपानी शौकिनांत अशा बळीच्या गाडीला 'बुहिन्‌तोरी' म्हणतात. अर्थ एवढाच की भाग काढून घेण्यासाठी ठेवलेली. एक गाडी वाचावी म्हणून दुसरी रिकामी होत जाते. तेव्हा शोधक हा तारणहार आहे तसाच तो लुटारूही आहे. दुसऱ्या मालकाला ज्याची गरज पडणार होती ते आपण नेतो आहोत, याचे भान त्याला असते का? चांगल्या शोधकाला असते. झाकण काढताना आतला भाग उघड्यावर गंजेल म्हणून ते झाकण तो पुन्हा लावून जातो. आपल्याला नको असलेला भाग तोडून काढत नाही, सोडवून बाजूला ठेवतो. आमच्या मते ही नीती आहे, आणि कोणत्याही वारशाला हात लावणाऱ्याने ती शिकावी अशी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आता कंपन्याच जुने भाग नव्याने घडवतात, मग उकिरडे फुंकायचे कशाला? हे खरे आहे. निसानने २०१७ साली स्कायलाइन जीटी-आर ३२ साठी असे भाग आणले. माझ्दाने त्याच वर्षी पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली. टोयोटानेही पुढे सुप्रा आणि २०००जीटी यांच्यासाठी भाग घडवले. पण या यादीकडे नीट पाहावे. तिच्यात नामांकित गाड्याच आहेत. साध्या संसारी माणसाला रोज कचेरीत पोचवणारी सत्तरीतली कोरोला किंवा डॅटसनची छोटी सेडान त्यांत नाही. कीर्ती कशाने मिळते, याचेही उदाहरण जपाननेच दिले आहे. १९८३ ते १९८७ या काळातील 'एई८६' ही कोरोला 'इनिशियल डी' या चित्रकथेत नायकाची गाडी झाली. टोफू विकणाऱ्याच्या मुलाची, रात्री घाटातून टोफू पोचवणारी गाडी. १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे ती चित्रकथा चालली. त्या गाडीचे भाव वाढले, भाग दुर्मिळ झाले आणि अखेर कंपनीने तिचेही काही भाग पुन्हा घडवले. कथेने भंगाराला सोन्याचे मोल दिले, याचा साहित्याच्या अध्यापकांना आनंदच वाटायला हवा. परंतु ज्यांना कथाकार भेटला नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्याच आनंदात बोचत राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी गाडी धूर ओकते. ती जाणे हेच इष्ट. अमेरिकेने २००९ साली जुन्या गाड्यांच्या बदल्यात नव्या गाडीवर सूट देणारी योजना राबवली. सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या तिच्यात जमा झाल्या. जमा झालेल्या गाडीच्या इंजिनातले तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण घालायचे आणि ते जखडून बंद पडेपर्यंत चालवायचे, असा नियम होता. पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या योजनेत घेतल्या जात नव्हत्या आणि मोडल्या गेलेल्या बहुतांश गाड्या अमेरिकी बनावटीच्या होत्या, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. उगाच अश्रू ढाळण्याचे कारण नाही. धूर कमी व्हावा या हेतूशीही आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या द्रावणाशी. इंजिन रस्त्यावर परतू नये यासाठी ते कुणालाच कधी वापरता, उघडून पाहता, त्यापासून शिकता येऊ नये अशी तजवीज करणे, हा निरुपयोगितेचा हुकूम झाला. वापरातून काढणे वेगळे आणि पुन्हा वाचता येऊ नये असे करणे वेगळे.

येथे आम्ही आमच्या अंगणात येतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून जुनी पुस्तके आणि नियतकालिकांचे बांधीव खंड मोडीत काढले जातात. जागा अपुरी आहे, वाळवी लागते, वाचक येत नाहीत; कारणे खरी आहेत. पण निर्णय बहुधा वजनावर होतो. विख्यात लेखकांच्या आवृत्त्या पुन्हा निघतात. त्यांची चिंता नको. ज्या मासिकात त्यांची पहिली कथा आली, त्याच अंकात शेजारी छापलेली विस्मृत लेखिकेची कथा, वाचकाचे चिडके पत्र, दंतमंजनाची जाहिरात, हे पुन्हा कोण छापणार? ही वाङ्मयाची संसारी कोरोला आहे. तिच्यावाचून त्या नामांकित कथेचा काळ कळत नाही.

त्यामुळे आमची मागणी साधी आहे. खंड बाहेर काढायचे तर खुशाल काढावेत. पण त्याआधी त्यांची सूची व्हावी, दुसऱ्या ग्रंथालयाला आणि खासगी शोधकाला ते पाहू द्यावेत, आणि रद्दीच्या तराजूवर जाण्यापूर्वी मराठीच्या विद्यार्थ्यांना एक दिवस त्यांत उतरू द्यावे. एम. ए.च्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेची व्याख्या आम्ही शिकवतोच. तिचा सराव मात्र धुळीत होतो. हात काळे केल्याशिवाय गोल माथा आणि चपटा माथा यांतला फरक कळत नाही, हे त्या भंगारखान्यातल्या माणसाला पक्के ठाऊक आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्याकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले.