नळाला मोटर

गेल्या दिवाळीत या सदरात आमच्या अंगणातल्या अळूची कथा सांगितली होती. यंदा ट्रकची सांगते. मराठीत एम. ए. केलेल्या आणि शाळेत शुद्धलेखन तपासत बसलेल्या बाईवर डिझेल इंजिनाबद्दल लिहायची वेळ टेक्सासमध्येच येऊ शकते!

कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला आम्ही २००६ सालचा ड्युरामॅक्स इंजिनाचा ट्रक घेतला. मूळची ताकद ३६० हॉर्सपॉवर. नवऱ्याला ती कमी वाटली, म्हणून त्याने कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करून घेतलं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. ताकद वाढवायची म्हणजे इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून आत जास्त डिझेल सोडायचं. महिनाभर स्वारी खुशीत होती.

जूनमध्ये अमारिलोवरून कोलोरॅडोला निघालो. वाटेत रॅटन पास, उंची ७,८३४ फूट. मागे ट्रेलर, आत दोन मुलं आणि सोलापूरहून आलेल्या सासूबाई. ऐन चढावर दिवा लागला आणि इंजिनाचा दमच गेला. मागून अठरा चाकी ट्रक येत होते आणि आम्ही बैलगाडीसारखे. मुलंसुद्धा गप्प झाली. सासूबाई म्हणाल्या, "डिझेल भरलंय ना रे?"

टाकी अर्धीअधिक भरलेली होती. पण प्रश्न बरोबर होता.

कसंबसं पुढचं एक्झिट गाठून कोड वाचला: पी००८७. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी. कारच्या टायरमध्ये पस्तीसेक पीएसआय हवा असते. या रेलमध्ये दाब २६,००० पीएसआयपर्यंत जातो. तो तयार करणारा पंप पुढे इंजिनावर आणि टाकी मागे. २००१ ते २०१६ च्या या इंजिनांना टाकीकडून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंपच नसे. पुढचा पंपच फिल्टरमधून सगळं ओढून घेतो.

हे ऐकलं आणि मला आमची सोलापुरातली गल्ली आठवली. पाणी आलं की शेजारचे नळाला थेट मोटर लावायचे. पाण्याला जोर नसला की मोटर हवा ओढून खरखरायची. इथेही तेच. ओढणाऱ्या नळीत बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते; खाली थेंब नाही, म्हणून संशयही येत नाही. आमच्याकडे गुन्हेगार साधा निघाला: जुना फिल्टर. मूळच्या ताकदीला तो पुरत होता, वाढवलेल्या ताकदीला नाही.

ट्यूनिंग काढून हळूहळू घाट चढलो. ट्रिनिडाडला फिल्टर बदलला, वरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढली. खर्च जेमतेम एका जेवणाचा. ओळखीतले सगळे "आधी लिफ्ट पंप बसवा" म्हणत होते. मी म्हटलं, आधी फिल्टर, मग नळ्या, मग पंप. आणि त्यानंतरही दाब पडला तर इंजेक्टर तपासायचे. ते झिजले की डिझेल परतीच्या वाटेने निघून जातं, मागून कितीही ढकला.

सप्टेंबरमध्ये लिफ्ट पंप बसवला. माझ्या हट्टापायी दाबाचा काटाही, डॅशबोर्डवर, मला दिसेल असा. नवरा लगेच म्हणाला, "आता अजून थोडं वाढवू या?" मी काट्याकडे बोट दाखवलं.

थँक्सगिव्हिंगला पुन्हा त्याच वाटेने जाणार आहोत. परवा फोनवर सासूबाईंनी मुलांची चौकशी करायच्या आधीच विचारलं, "फिल्टर बदललात का गं?"