सेवा आहे, मग परवाना कशाला?

गेल्या वर्षी अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वस्तीतल्याच एका ट्रस्टचं सेंटर. सकाळी न्यायचं, दुपारी घरी आणायचं. बाहेर बसलो असताना काउंटरमागच्या भिंतीवर तीन फ्रेम दिसल्या: धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, आतल्या चष्म्याच्या दुकानाचा शॉप अॅक्टचा परवाना आणि उद्घाटनाचा फोटो. नर्सिंग होम कायद्याखालचं प्रमाणपत्र कुठे आहे, असं मी विचारलं. काउंटरवरचा मुलगा गोंधळला. आतून एक वयस्कर विश्वस्त आले आणि म्हणाले, "बेटा, हे सेवेचं काम आहे. इथे आपलीच माणसं येतात." ऑपरेशन नीट झालं. पण त्या उत्तराशी माझं भांडण आहे.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही १९४९ च्या कायद्याखाली होते. त्यानुसार नर्सिंग होम म्हणजे आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा. त्या काळी ऑपरेशन म्हणजे कित्येक दिवसांची खाट. आज मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध एका दिवसात उरकतं. रुग्ण रात्री राहत नाही, म्हणून आम्ही नर्सिंग होम नाही, नुसता दवाखाना, अशी पळवाट काढता येते. खतन्याचं तर विचारूच नका. मूल आजारी नसतं, जखमी नसतं. ते या व्याख्येत बसवायचं कुठे? २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं सक्तीचं झालं. चांगलं झालं, पण नियम सुधारून कायद्यातली व्याख्या बदलत नाही.

बाकीच्या खात्यांना मात्र हा प्रकार नीट कळतो. विमा नियामकाने डे-केअर सेंटरची व्याख्या केली आहे: पात्र डॉक्टर, पात्र नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या रुग्णांची नोंद. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तर शस्त्रक्रियेच्या शिबिरांनाही लागू आहेत. म्हणजे शिबिरात वापरलेल्या सुईचा हिशेब द्यावा लागतो, आणि ती ज्याला टोचली त्याच्यासाठी कायदा मोघम.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा सरकारी रुग्णालय, ट्रस्ट, एकटा डॉक्टर, सगळ्यांना एकाच नोंदणीखाली आणतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानने तो स्वीकारला. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. राज्याच्या स्वतःच्या कायद्याची चर्चा अनेकदा झाली, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि विषय बाजूला पडला.

सेवेच्या नावाखाली काय होऊ शकतं हे देशाने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत, सरकारी शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसाची मर्यादा ३० ची होती. १३ बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरला मोतीबिंदूच्या शिबिरानंतर जंतुसंसर्गामुळे अनेकांचे डोळे काढावे लागले. बिहारने तर केंद्राचा कायदा स्वीकारलेला होता. कायदा कागदावर असून भागत नाही, त्याची तपासणी कुणीतरी करावी लागते.

आता आपल्या घरातली गोष्ट. सुट्टीत एखाद्या हॉलमध्ये सामूहिक खतन्याचं शिबिर भरतं. बॅनरवर सगळ्या विश्वस्तांची नावं असतात, ऑपरेशन करणाऱ्याचं नाव आणि त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक किती बॅनरवर असतो? रक्त थांबलं नाही तर मुलाला कुठल्या रुग्णालयात न्यायचं, हे आधी ठरलेलं असतं का? हे विचारणारा माणूस लगेच 'दीनविरोधी' ठरतो. खतना करू नका, असं मी म्हणत नाही. सात वर्षांच्या पोरावर ब्लेड चालणार असेल, तर ते कुणाच्या हातात आहे हे त्याच्या आईला कळलं पाहिजे, एवढंच म्हणतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: परवाना म्हणजे लाच, छोटी सेंटरं बंद पडतील, आणि आपल्या वस्त्यांत सरकारी दवाखाना आहेच कुठे? दुसरा, दबक्या आवाजातला: कारवाई होईल ती फक्त आपल्यावर. दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांची टिंगल मी करणार नाही. पण विचार करा, धाड घालणाऱ्याला मोघम कायदा सोयीचा की स्पष्ट? व्याख्या धूसर असली की कुणाला सील ठोकायचं हे अधिकारी ठरवतो. ज्याची नोंदणी चोख आहे, त्याच्याकडे कोर्टात दाखवायला कागद असतो. आणि सरकारी दवाखाना नाही म्हणून आपल्या बायकापोरांनी कमी सुरक्षित टेबलावर झोपायचं, हा कुठला न्याय? दवाखाना मागा, त्यासाठी मोर्चा काढा, मीही येतो.

सरकारकडे मागणी सरळ आहे. कायद्यात डे-केअर शस्त्रक्रिया केंद्र आणि शिबिर असे वेगळे वर्ग करा. छोट्या केंद्रांना झेपतील असे निकष आणि फी ठेवा. तपासणीला मुदत घाला, नकाराचं कारण लेखी द्या. सगळी यादी मराठी आणि उर्दूत ऑनलाइन टाका. मी सॉफ्टवेअरचं काम करतो; अशी यादी बनवणं अजिबात अवघड नाही. अडतं ते इच्छेपाशी.

आपल्या ट्रस्टांनी मात्र कायद्याची वाट पाहायची गरज नाही. नोंदणी, सर्जन आणि भूलतज्ज्ञाचं नाव, निर्जंतुकीकरणाची नोंद, अडचणीच्या वेळी ज्या रुग्णालयात न्यायचं त्याच्याशी केलेला करार, हे सगळं उद्या भिंतीवर लावता येईल. ज्याला जकात आणि सदका द्यायचा आहे त्याने देण्याआधी हे कागद मागावेत. पैसा देणाऱ्याने विचारलं तर विश्वस्त उत्तर देतात, रुग्णाने विचारलं तर सेवेची आठवण करून देतात.

हा लेख मी त्या विश्वस्तांनाही पाठवतो आहे. त्यांच्या भिंतीवर चौथ्या फ्रेमपुरती जागा आहे, मी पाहिली आहे.