प्लॅटिनमचे औषध आहे, पण ऊसतोड महिलेकडे सहा आठवडे आहेत का?

बीड : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत दिले जाणारे सिस्प्लॅटिन प्लॅटिनम धातूपासून बनते. ते पेशीतील डीएनएला चिकटून तिचे विभाजन रोखते. मात्र प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याने घटू शकतात. म्हणून डोसआधी रक्ततपासणी लागते. उपचार साधारण पाच-सहा आठवडे, खंड न पडता.

अडचण इथेच आहे. ऊसतोडीच्या हंगामात उचल फेडायची असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. याच कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशये काढल्याचा मुद्दा २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. भीती तांड्यापर्यंत पोहोचली, तपासणी मागे राहिली. औषध जुने, जेनेरिक आहे. हवी आहे ती हंगामाआधी गावातच तपासणी आणि उपचारकाळात बुडणाऱ्या मजुरीची भरपाई.